आमसुलीचे आकडे

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच चित्र संगणकावर काढलं. १९९५ च्या मे महिन्यात, सांगलीतल्या एका ओळखीच्या माणसाच्या डीटीपी सेंटरमध्ये, गिऱ्हाइकी संपल्यानंतरच्या संध्याकाळी. अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत त्यांच्यासाठी क्यूबेसिकमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता : बाणांच्या कळांनी ठिपका सरकवायचा, रंगाचा क्रमांक द्यायचा, स्पेसबार दाबला की ठिपका उमटायचा. चित्र होतं कृष्णेच्या घाटाचं. मागे आयर्विन पुलाच्या कमानी, अलीकडे देऊळ, नदीत एक नाव, दिवेलागणीची वेळ. मी जूनमध्ये हॉस्टेलला परतलो, तेव्हा ते अपुरं होतं. पुढे अण्णा काही संध्याकाळी एकटेच जाऊन बसत, एवढंच मला पत्रातून कळलं होतं.

अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत सांगलीचं घर आवरताना बहिणीला माळ्यावर दोन फ्लॉप्या आणि त्यांची एक वही सापडली. तिनं सगळं बेळ्ळंदूरला माझ्याकडे पाठवून दिलं. एसपी रोडवरून मी यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. एका फ्लॉपीला बुरशी लागली होती, ती वाचलीच नाही. दुसरीवर चित्राची फाइल होती. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुना डॉसचा संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती उघडली आणि पडद्यावर भलतंच काही आलं. नदी निळ्यापासून सुरू होऊन जांभळी, लाल, पिवळी, हिरवी होत परत निळ्याकडे गेली होती. देऊळ गुलाबी आणि फिकट पिवळं. नाव अगदी फिक्या निळसर रंगाची. पायऱ्यांच्या जागी नुसता काळा पट्टा.

फाइल बिघडली असेल, असं वाटलं. पण तसं नव्हतं. एकूण एक ठिपका जागच्या जागी होता. हरवलं होतं ते दुसरंच काही, आणि ते काय, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आजच्या पडद्यावर प्रत्येक ठिपका स्वतःचा रंग स्वतःजवळ बाळगतो. लाल, हिरवा, निळा या तिन्ही प्रकाशांसाठी प्रत्येकी एक बाइट, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटा. ऐंशीच्या दशकात हा थाट परवडण्यासारखा नव्हता. आयबीएमच्या पीसीबरोबर १९८१ साली आलेल्या सीजीए या रंगीत कार्डावर पडद्यासाठी अवघी १६ किलोबाइट स्मृती होती. ३२० बाय २०० ठिपक्यांचं चित्र म्हणजे ६४ हजार ठिपके. त्यांना ती पुरवायची तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनच बिट येतात. दोन बिटांत चारच आकडे मावतात : ०, १, २, ३. म्हणून चित्रात रंग नसेच, रंगाचा क्रमांक असे. एक नंबरचा रंग कोणता, हे वेगळ्या एका तक्त्यात लिहिलेलं असे. या तक्त्याला पॅलेट म्हणतात. चित्रकाराच्या हातातली रंगांची पाटीही पॅलेटच.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला राजा रविवर्म्यांचा छापखाना शिळाप्रेसवरच चालायचा. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती एका दगडावर छापल्या जात नसत. प्रत्येक छटेसाठी वेगळा दगड असे आणि त्यावर त्या छटेपुरतं चित्र. साडीचा रंग बदलायचा तर चित्र पुन्हा काढायला नको, त्या दगडाला लावायची शाई बदलली की झालं. संगणकाचा पॅलेट म्हणजे नेमकं हेच : चित्र दगडावर, शाई बाहेर.

शाई बाहेर असल्याचा मोठा फायदा म्हणजे ती क्षणात बदलता येते. भारतातल्या अनेक मुलांनी ही गंमत पहिल्यांदा पाहिली ती बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकावर. १९८४ साली केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा शालेय संगणक प्रकल्प सुरू केला आणि सुरुवातीला देशभरातल्या सुमारे अडीचशे निवडक शाळांना हे यंत्र दिलं. त्यात 'व्हीडीयू १९' नावाची आज्ञा होती. पडद्यावर लाल त्रिकोण काढून झाल्यावर ही एक ओळ लिहिली, की तोच त्रिकोण निळा. पुन्हा काढावा लागत नसे. बीबीसीच्या पुस्तिकेत दोन शब्द वेगळे वापरलेले होते : तार्किक रंग आणि प्रत्यक्ष रंग. चित्राला ठाऊक असतो तो तार्किक, डोळ्याला दिसतो तो प्रत्यक्ष. त्या दोहोंच्या मधला दुवा आपल्या हातात.

सीजीएवर मात्र हा दुवा बराचसा कंपनीच्या हातात होता. चार रंगांच्या चित्रात पार्श्वभूमी सोळांपैकी कोणतीही घेता यायची, पण उरलेले तीन रंग ठरावीक संचांतूनच : आकाशी-किरमिजी-पांढरा, नाही तर हिरवा-लाल-तपकिरी. ज्यांनी 'पॅराट्रूपर' हा खेळ खेळला, त्यांच्या डोळ्यांत तो आकाशी आणि किरमिजी अजून असेल. तोही रंगीत मॉनिटर असला तर. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत आणि क्लासांत हिरव्या किंवा पिवळसर अक्षरांचा एकरंगी पडदाच असायचा.

यातल्या तपकिरी रंगाची एक हकीकत आहे. हिशेबानं सहा क्रमांकाचा रंग गडद पिवळा यायला हवा होता, आणि तो दिसायला वाईट दिसे. आयबीएमनं आपल्या ५१५३ या रंगीत मॉनिटरमध्ये खास जोडणी केली, की सहा नंबर आला की हिरव्याचा जोर कमी करायचा. त्यामुळे तपकिरी मिळाला. संगणक पाठवायचा एक रंग, मॉनिटर दाखवायचा दुसरा. सहा नंबर म्हणजे तपकिरी, हे कोणीतरी माणसानं बसून ठरवलं होतं.

परदेशात १९८५ साली दोन यंत्रांनी हा तक्ता गिऱ्हाइकाच्या हाती दिला. अटारी एसटीवर ५१२ छटांतून १६ निवडता येत, कमोडोर अमिगावर ४,०९६ छटांतून ३२. दोन्हींबरोबर पडद्याचे रंग बदलायची छोटी खिडकी मिळे. लाल, हिरवा, निळा अशा तीन पट्ट्या सरकवायच्या, की कामाचा पडदा बदलायचा. त्याच वर्षी अमिगासाठी डॅन सिल्वा यांचा 'डिलक्स पेंट' आला. रंगांचे क्रमांक चक्राकार फिरवले, की स्थिर चित्रातला धबधबा वाहू लागे. एकही ठिपका हलत नसे, हलायचा तो तक्ता.

पीसीवाल्यांना ही मोकळीक १९८७ साली व्हीजीएनं दिली. २,६२,१४४ छटा, त्यांपैकी एका वेळी २५६. तक्ता बदलायची रीत इतकी सोपी, की शिकाऊ मुलालाही जमावी. यंत्रातल्या एका पत्त्यावर रंगाचा क्रमांक पाठवायचा, शेजारच्या पत्त्यावर तीन आकडे : लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते ६३. संपलं. त्यामुळे हे काम करणारे इवलेइवले प्रोग्रॅम भराभर निघाले. कोणी डॉसची काळी-पांढरी अक्षरं निळ्यावर पिवळी केली, कोणी डोळ्यांना त्रास होतो म्हणून पांढरा मवाळ केला, कोणी २५६ चौकोनांचा तक्ता पडद्यावर मांडून एकेक रंग बदलायची सोय केली. काही किलोबाइटांची फाइल, सोबत चार परिच्छेदांची सूचना, किंमत शून्य.

अशा फुकट प्रोग्रॅमांना फ्रीवेअर म्हणतात. हा शब्द अमेरिकेतले अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी १९८२ साली आपल्या 'पीसी-टॉक'साठी वापरला. गंमत अशी, की ते पूर्ण फुकट नव्हतं. वापरा, वाटा, आवडलं तर स्वखुशीनं पैसे पाठवा, असा त्यांचा व्यवहार होता. पुढे स्वखुशीच्या पैशांना शेअरवेअर हा शब्द रूढ झाला, आणि फ्रीवेअर म्हणजे खरोखर फुकट, असा अर्थ पक्का झाला. कोणी फक्त पोस्टकार्ड मागायचं. १९८८ पासून वाढत गेलेला 'फ्रॅक्टिंट' हा भूमितीच्या गुंतागुंतीच्या आकृत्या काढणारा प्रोग्रॅम अनेकांनी मिळून लिहिला. पैसे नकोत, कौतुक चालेल, असं त्याचे कर्ते सांगत. त्यात रंगांचा तक्ता संपादित करायची उत्तम सोय होती, आणि तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवता येई : एका ओळीत एक रंग, तीन आकडे. ती फाइल कागदावर उतरवून मित्राला पत्रानं पाठवली, तरी चालण्यासारखी होती.

बंगळूरच्या वाचकाला जवळचं उदाहरण हवं असेल, तर कन्नड लेखनासाठी शेषाद्रि वासु यांनी १९९८ साली दिलेला 'बरह' आठवावा. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो फुकट होता आणि पुढे त्यात देवनागरीही आली. त्याच वर्षी बेळ्ळंदूरच्या ग्रामपंचायतीनं आपला कारभार संगणकावर आणला, तेव्हा त्याचं बरंच कौतुक झालं होतं. ती ग्रामपंचायत आता नाही. २००७ साली गाव बृहत् बंगळूर महानगरपालिकेत गेलं. तळ्याभोवतीच्या शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि त्यांतल्या एकीत मी वीस वर्षं नोकरी केली. माझ्या हाताखालच्या मुलांना पॅलेट म्हणजे काय, हे सांगावं लागायचं. त्यांची चूक नाही. स्मृती स्वस्त झाली, ठिपक्यांनी आपापले रंग घरी नेले, आणि तक्त्याची गरजच संपली.

आता अण्णांच्या चित्राकडे येतो.

तक्ता चित्रापासून वेगळा असला, की चित्र साठवताना तक्ताही आठवणीनं साठवावा लागतो. शहाण्या लोकांनी हे वेळीच ओळखलं होतं. अमिगाच्या १९८५ च्या चित्र-फाइलीत तक्त्यासाठी स्वतंत्र कप्पा होता. १९८७ च्या गिफमध्ये तो चित्राच्या आधी येतो. पीसीएक्स नावाच्या फाइलीत २५६ रंगांचा तक्ता अगदी शेवटी जोडलेला असतो. मी मात्र क्यूबेसिकमधली 'बीसेव्ह' ही आज्ञा वापरली होती. ती पडद्याची स्मृती आहे तशी उचलून डिस्कवर ठेवते : सात बाइटांचा मथळा आणि मग ६४ हजार ठिपक्यांचे ६४ हजार क्रमांक. तक्ता त्या स्मृतीत नसतोच, तो कार्डावरच्या दुसऱ्या चिपमध्ये असतो. अण्णांचे रंग ठरवणाऱ्या ओळी माझ्या प्रोग्रॅममध्ये होत्या, आणि प्रोग्रॅम होता बुरशी लागलेल्या फ्लॉपीवर.

म्हणजे दगड राहिले आणि शाई गेली. तक्ता मिळाला नाही, की व्हीजीए स्वतःचा मूळ तक्ता वापरतं. त्यात पहिले सोळा रंग जुन्या सीजीएचे, पुढचे सोळा करड्याच्या छटा. मग ३२ ते ५५ मध्ये निळ्यापासून निघून सगळे भडक रंग फिरून परत निळ्यापर्यंत. नदी तशी का दिसत होती, ते यावरून कळलं. ते रंग आयबीएमचे होते.

पण वही होती. अण्णांनी एका पानावर, त्यांच्या त्या सरळ अक्षरात, क्रमांक आणि रंग लिहून ठेवले होते. ३२ आमसुली. ४० डाळिंबी. ४८ विटकरी. ५५ शेंदरी. हे नदीचं पाणी, काठापासून सूर्याच्या वाटेपर्यंत. ६० ते ७० पारवा, पुढे कंसात 'देऊळ, वर फिका'. ८० मोरपंखी, नाव. आकडे कुठेही नाहीत. आकडे लिहिणं माझं काम होतं.

ते काम कसं चालायचं, ते हे पान वाचताना आठवलं. अण्णा म्हणत, "आमसुली दे." मी विचारत असे, "म्हणजे लाल किती, निळा किती?" ते म्हणत, "आमसुली म्हणजे आमसुली. भिजत घातलेलं आमसूल बघितलं नाहीस का?" मग मी काहीतरी देत असे, आणि ते मान हलवत. क्यूबेसिकमध्ये रंगाचा आकडा काढायला निळ्याला ६५,५३६ नं गुणायचं, हिरव्याला २५६ नं, आणि त्यात लाल मिळवायचा. लाल २४, हिरवा ४, निळा १२ म्हणजे ७,८७,४८०. अण्णांना हा आकडा मोठा विनोदी वाटला होता. "एवढ्या पैशात आमसुलाचं झाड येईल," असं ते म्हणाले होते. पण शेवटी आम्ही कोणता आकडा ठरवला, ते मला आठवत नाही. वरचे तीन आकडे मी आजच्या अंदाजानं लिहिले आहेत.

त्या काळातलीच एक फुकट युटिलिटी मासिकाबरोबर आलेल्या जुन्या सीडीवर माझ्याजवळ होती. तिच्यात तक्ता उघडला आणि रात्री जेवणानंतर एकेक रंग भरू लागलो. बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिचं म्हणणं, हा आमसुली नव्हेच, हा वांगी रंग झाला. मी निळा कमी केला. ती म्हणाली, "आता रक्तासारखा दिसतोय." तिच्या फोनचा पडदा वेगळा, माझा वेगळा, आणि १९९५ च्या मॉनिटरची काच तर दोन्हींहून वेगळी. शिवाय तिच्या डोळ्यापुढे आईची आमसुली साडी होती आणि माझ्या डोळ्यापुढे वाटीतलं पाणी. पारव्यावर मात्र आमचं दोघांचं पहिल्या फटक्यात जमलं. सांगलीच्या देवळावर बसणारे पारवे दोघांनीही पाहिले होते.

तिसऱ्या रात्री एक गोष्ट झाली. वहीतले सगळे क्रमांक भरून झाले, तरी पायऱ्या काळ्याच होत्या. त्या अण्णांनी काळ्या रंगात काढल्या असाव्यात, असं मी धरून चाललो होतो. सहज म्हणून चित्रात कोणते क्रमांक वापरले आहेत, ते मोजायला एक लहान प्रोग्रॅम लिहिला. त्यात २४८, २४९ आणि २५१ निघाले. व्हीजीएच्या मूळ तक्त्यात २४८ ते २५५ हे शेवटचे आठही रंग काळे असतात. काळ्यावर काळं, म्हणून काही दिसत नव्हतं. मी त्या तिघांना वाटेल तो पिवळा दिला.

पायरीवर एक बाई बसलेली होती, आणि तिच्यासमोर पाण्याच्या कडेला एक पणती.

हा भाग मी कधीच पाहिला नव्हता. मी हॉस्टेलला गेल्यावर अण्णांनी तो काढला असणार, आणि त्यासाठी प्रोग्रॅममध्ये स्वतः तीन ओळी वाढवल्या असणार. म्हणजे ७,८७,४८० सारखा गुणाकार त्यांनी एकट्यानं, कदाचित त्याच वहीच्या मागच्या फाटलेल्या पानावर केला असणार. ती बाई कोण? बहीण म्हणते, आई. आई तेव्हा घरी होती, आणि घाटावर संध्याकाळी अशी बसलेली तिला मी कधी पाहिलेलं नाही. पण अण्णांनी पाहिली असेल.

या तीन रंगांची नावं वहीत नाहीत. नाव नाही, आकडा नाही, फक्त जागा आहे. पणतीला पिवळा देणं सोपं आहे, पण बाईच्या अंगावर कोणता रंग होता? बहिणीनं लगेच आमसुली सांगितला. मी तो देऊन पाहिला. छान दिसला, आणि म्हणूनच मला भीती वाटली. दहा वर्षांनी आमच्या मुलांपैकी कोणी हे चित्र उघडेल आणि म्हणेल, आजोबांनी आजीला आमसुली साडीत काढलं होतं. ते आजोबांनी केलेलं नाही. ते आम्ही दोघांनी एका रात्री फोनवर ठरवलं. सहा नंबर तपकिरी असतो, हे जसं एका मॉनिटरमध्ये कोणीतरी ठरवलं आणि पुढे सगळ्यांना तेच खरं वाटू लागलं, तसंच.

म्हणून मी आता फाइली अशा ठेवल्या आहेत. मूळ चित्र जसंच्या तसं, एकही बाइट न बदलता. वहीच्या पानाचा फोटो. आणि तक्ते वेगळे, साध्या मजकुरात, एका ओळीत तीन आकडे : एक माझा, एक बहिणीचा. प्रत्येकाच्या नावात तारीख आणि 'अंदाज' हा शब्द. दोन्ही तक्त्यांत २४८, २४९ आणि २५१ एकाच करड्या रंगाचे ठेवले आहेत, म्हणजे बाई दिसते, पण तिच्या साडीचा रंग आम्ही सांगत नाही. ज्याला हवं त्यानं आपला तक्ता करावा. दगड तेच राहतील.

खिडकीतून बेळ्ळंदूरचं तळं दिसतं. २०१५ साली त्यावर पांढरा फेस चढून रस्त्यावर आला होता, आणि २०१७ साली त्यातून धूर निघाला. आज जलपर्णीनं ते हिरवं आहे. संध्याकाळी थोडा वेळ मधल्या मोकळ्या पाण्यावर ऊन तिरकं पडतं, तेव्हा मी बहिणीला फोटो पाठवतो आणि विचारतो, हा आमसुली का? ती दर वेळी नाही म्हणते.